वरची मूठ

"युरिया किती घातला होता?" मोबाईलचा स्पीकर लावलेला होता, त्यामुळं डॉक्टरांचा प्रश्न गोठ्यातल्या सगळ्यांनी ऐकला.

"शंभर किलो भुसकटाला चार किलो. काट्यावर मोजून, पाण्यात विरघळवून," योगिनी म्हणाली. कोकराचं डोकं मांडीवर घेऊन ती खालीच बसली होती. कोकराचे पाय ताठ झाले होते, तोंडाला फेस आला होता, आणि डावी कूस बघता बघता फुगत चालली होती.

दरवर्षी सोयाबीनचं भुसकट बांधावर पेटवून द्यायचं, नाहीतर कुजू द्यायचं. कोकरं त्याला तोंड लावत नसत. युरियाच्या पाण्यात मुरवून, ताडपत्रीखाली तीन आठवडे दाबून ठेवलं की तेच मऊ पडतं, अंगी लागतं, वाढती कोकरं भराभर वजन धरतात. योगिनी हे प्रशिक्षणात शिकून आली होती. सकाळी तिनं ताडपत्री काढली, भुसकट वारा लागायला पसरलं, आणि सासऱ्याच्या हट्टाखातर आधी एकाच कोकराला घातलं. बाकीची दावणीला ओरडत होती.

"मी पयल्यापासून सांगायलोय, पिकाचं खत पिकालाच," बन्सीधर बाजेवरून गरजले. "जित्राबाला युरिया चारतेत का कुटं? हे कोकरू गेलं की बाकीची सगळी येत्या बाजारात. पुन्हा ह्या घरात मेंढरू दिसलं न्हाई पायजे."

योगिनी कोकराची फुगलेली कूस चोळत राहिली. ही कोकरं तिनं माहेरच्या पाटल्या मोडून आणली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"प्रमाण तर बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मग अधाशासारखं खाऊन पोट फुगलं असेल. गोडं तेल पाजा. पण ताई, खात्री आहे ना? युरिया जास्त गेला असेल तर तेलाचा उपयोग नाही. व्हिनेगर पाजावं लागेल, आणि ते आत्ताच. उशीर झाला तर हातचं जाईल."

"खात्री हाय. मी सोता मोजलाय."

दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या तिच्या सासूनं, अनसूयाबाईंनी, बाजूला काढलेल्या ताडपत्रीकडं बघितलं.

तीन आठवड्यांपूर्वी ढीग झाकून सून हातपाय धुवायला गेली तेव्हा त्यांनीच ताडपत्रीचा कोपरा उचलला होता. पोत्यातला युरिया मुठीनं घेऊन, कपाशीच्या बुडाशी टाकावा तसा वर भुरभुरला होता. मनात पाप नव्हतं. त्यांच्या हातून कुणालाही काही मापून दिलं की वर एक मूठ पडायचीच. खुरपायला आलेल्या बायांची ज्वारी असो की शेजारणीचं उसनं पीठ, नुसतं माप त्यांनी जन्मात कुणाच्या पदरात टाकलं नव्हतं. इथं तर वाढतं लेकरू खाणार होतं, मग हात आखडता कशाला घ्यायचा? आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. कोकरं अंगानं भरली की त्यात आपलाही हात आहे, हे मनातल्या मनात मिरवायची त्यांना हौस होती.

आता बोललं तर नवरा जन्मभर टोमणे मारणार. नाही बोललं तर कुणाला कधी कळणार नाही. सून निस्तरेल, ती तरणी आहे. हा विचार त्यांच्या मनात आला, घटकाभर टेकला, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांच्या मुलानं, बालाजीनं, तेलाची बाटली आणली. योगिनीनं कोकराचा जबडा उघडला.

"तेल नगं!" अनसूयाबाई ओरडल्या. "म्या टाकलाय. ताडपत्री झाकल्यावर, वरून."

"काय टाकलंय, आई?" बालाजीला कळेना.

"युरिया."

"किती?" हे योगिनीनं विचारलं.

"मुठीमुठीनं. मोजला न्हाई गं."

मग डॉक्टर घाईनं म्हणाले, "व्हिनेगर बघा. तोवर थंड पाणी पाजा, हळूहळू. ठसका लागू देऊ नका."

व्हिनेगर घरात कुठून असणार? बालाजीनं गाडीला किक मारली आणि पिंगळी स्टेशनसमोरच्या चायनीजच्या गाड्याकडं सुटला. योगिनी चमच्यानं पाणी सोडत राहिली. अनसूयाबाई पुढं झाल्या नाहीत, मागंही सरल्या नाहीत.

बालाजी बाटली घेऊन आला. पाणी मिसळून, गालफडातून थोडं थोडं पोटात गेलं. बऱ्याच वेळानं कोकराला मोठी ढेकर आली. थरथर उतरू लागली. उठलं नाही, पण दावणीवरचं दुसरं कोकरू ओरडलं तेव्हा त्यानं कान हलवला.

बन्सीधर उठले. "कोकरू वाचंल न वाचंल. हा ढीग आधी उचला," एवढंच म्हणून ते बाहेर गेले. बाजाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि बायकोकडं बघितलंही नाही.

अनसूयाबाई सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या. ती चार शब्द बोलली असती तर त्यांना मोकळेपणानं रडता आलं असतं. योगिनीनं ओढणीनं कपाळ पुसलं, पसरलेलं भुसकट फावड्यानं ओढून शेतात न्यायला पोत्यात भरलं. एकही काडी मागं ठेवली नाही. मग कोपऱ्यातला वजनकाटा उचलून तिनं सासूच्या पुढ्यात ठेवला.

"आत्या, उद्या नवा ढीग घालायचाय," ती म्हणाली. "युरिया तुमीच मोजायचा. मी बघायला येणार न्हाई."