फणसळकरांचा हात

फौजदाराने बंदुकीच्या दस्त्याने दार फोडलं, तेव्हा भार्गव फणसळकर मोर्सच्या कळीवरून बिनतारी संदेश पाठवत होते. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे संच जप्त केले होते. भार्गवांनी आपला लपवून ठेवला आणि बेचाळीसच्या चळवळीत तो भूमिगतांच्या कामी आला.

शिपायांनी त्यांना लाथांनी तुडवलं. तोंडातून रक्त यायला लागलं, तसं फौजदाराने त्यांना ओढून पुन्हा खुर्चीत बसवलं.

"तुझ्या माणसांना उद्या पुलापाशी बोलाव. आमचा तारमास्तर आहे, पण ते तुझाच हात ओळखतात."

खरंच होतं. अक्षरासारखी प्रत्येकाची कळ दाबायची लकबही वेगळी असते. डोंगरातल्या संचावर बसणारी त्यांची बहीण द्वारका ही विद्या त्यांच्याकडूनच शिकली होती.

"बोलावतो," भार्गव म्हणाले. त्यांनी उजवा पंजा टेबलावर पसरला आणि डाव्या हाताने फळीवरचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर खेचून त्यावर पाडला. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

फौजदाराने शिव्या घालत त्यांना बेशुद्ध पडेपर्यंत झोडपलं. मग नाइलाजाने तारमास्तरालाच कळीवर बसवलं.

डोंगरात द्वारकाने 'उद्या पुलापाशी' एवढे दोनच शब्द ऐकले आणि हेडफोन काढला.

"पुलाकडे कुणी जायचं नाही. सामान आवरा, निघायचंय."

"अगं, पण दादा बोलावतायत ना?" एका साथीदाराने विचारलं.

"दादा नाहीत ते," ती म्हणाली. तिने झाडावरची एरियलची तार ओढून काढली.