लॉयडचं काळं इंजिन

"पितळी इंजिनाला रंग फासणारा माणूस गाढवच!" टोलेडोच्या मॉडेल रेल्वे क्लबात ऑर्विल सगळ्यांदेखत लॉयडला सुनावायचा. लॉयड मात्र आपली इंजिनं काळीच रंगवायचा.

लॉयड वारल्यावर ऑर्विलने त्याचं काळं रंगवलेलं जुनं इंजिन त्याच्या बायकोकडून विकत घेतलं.

"ने मेल्या! तूच येशील असं तो म्हणालाच होता," ती म्हणाली.

"अस्सल पितळ कसं झळकतं ते शनिवारी दाखवतो तुम्हाला!" ऑर्विलने क्लबात सगळ्यांना बजावलं आणि घरी बसून ब्रशने घासघासून रंग उतरवला. खाली बॉयलरच्या पितळेवर लॉयडने कोरून ठेवलं होतं, "काय ऑर्विल, गाढव कोण?"

शनिवारी ऑर्विल इंजिन घेऊन क्लबात आला.

 

काळा रंग अजून ओला होता.