काठातला चुकलेला धागा

विलायतेहून आलेल्या साहेबाने प्रत्येक लुगड्याचा वीतभर तुकडा कापून वहीत चिकटवला. तानबा कोष्ट्याने विणलेल्या काठावर त्याचं बोट रेंगाळलं, तशी तानबाची छाती फुगली.

"नमुने कशाला, साहेब?"

"आमच्याकडे गिरण्या फार वाढल्या. एवढं कापड नेसायला तिकडे माणसं नाहीत. ती इथे आहेत."

दोन वर्षांनी बाजारात तोच काठ असलेली विलायती गिरणीची लुगडी निम्म्या भावात आली. तानबाने एक लुगडं उलगडलं, मग दुसरं, तिसरं. दृष्ट लागू नये म्हणून काठात एक धागा तो मुद्दाम चुकवायचा. ढिगातल्या प्रत्येक लुगड्यात तोच धागा तसाच चुकलेला होता.

घरी येऊन त्याने सांगितलं. बंद पडलेल्या मागापाशी बसलेली बायको म्हणाली, "म्हणजे त्यांच्या गिरणीला आता दृष्ट लागायची नाही."