सरकारी मशीन

केळीचे वेफर्स करायचं मशीन नवरीसारखं नटून बसलं होतं. अंगावर कंपनीचं प्लॅस्टिक, गळ्यात झेंडूचा हार.

पाहणीला आलेल्या मॅडमनी विचारलं, "चालतं ना?"

"चालवलंच नाही, मॅडम!" बचत गटाची अध्यक्ष मालन अभिमानाने म्हणाली. "सरकारी वस्तू. तुम्ही बघेपर्यंत ओरखडासुद्धा उठू दिला नाही. वेफर्स आम्ही हातानेच करतो."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "अहो ताई, करारात स्पष्ट लिहिलंय. मशीन वापरात असेल, तरच अनुदानाचा दुसरा हप्ता."

त्या हप्त्यातूनच तर पत्र्याची शेड उभी राहणार होती. एवढं जपलं, आणि जपणंच नडलं.

"मी तेव्हाच म्हणाले होते," मागून गटातल्या सखूबाई पुटपुटल्या, "मशीन काय आरती करायला आणलंय?"

मॅडम बाकावर टेकल्या. "तासभर आहे मी. आत्ता चालू केलंत, तर डोळ्यांनी बघितलेलं लिहीन."

मग काय! कुणी प्लॅस्टिक टराटरा फाडलं, कुणी कच्ची केळी सोलायला घेतली, कुणी कढई चढवली. मालनने कडेवरचं लेकरू न विचारताच मॅडमच्या मांडीवर ठेवलं आणि बटण दाबलं. मशीन खडखडलं, थांबलं, पुन्हा दाबल्यावर भराभर चकत्या टाकू लागलं.

तासाभराने मॅडम एका हाताने लेकरू सांभाळत अहवाल लिहीत होत्या. 'उत्पादन सुरू,' मालनने डोकावून वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

"रडताय काय, ताई?" मॅडम म्हणाल्या. "आधी याला घ्या. माझी साडी ओली केलीय त्यानं."