उघडी बोटं

"ताई, हे मशीन डोळे झाकून घ्या. स्वस्त आहे आणि जोरदारही!" म्हणत दुकानदाराने पातं घासायचा बेल्ट सँडर सुरू केला. तनुजाने स्वतः घडवलेली पहिलीच सुरी पिशवीतून काढली.

तिला शिकवणारे तात्या एक पाऊल पुढे सरकले. पातं तापून निळं पडलं, की त्याचा कडकपणा जातो, धार टिकत नाही. पण मशीन तिनेच निवडायचं, आपण गप्प राहायचं, असं ठरलं होतं.

दुकानदाराने पुढे केलेले हातमोजे तिने नाकारले. पातं पळत्या पट्ट्याला टेकलं, ठिणग्या उडाल्या. तात्या पात्याचा रंग न्याहाळू लागले.

झटकन तिने पातं पाण्याच्या डब्यात बुडवलं, उजेडात धरलं. निळी छटा नव्हती.

"हे फार पळतं. कमी वेगाचं दाखवा."

चटका बसलेलं बोट तिने तात्यांपुढे नाचवलं. "मोजे घातले असते, तर पातं तापलंय हे याला कळलं असतं का?"