गैरहजर

आई भिंतीसमोर उभी राहून स्वतःचेच निरोप वाचत होती.

दालनाच्या भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत वर्षभराच्या चॅटवरच्या गप्पा छापून लावल्या होत्या. लेकीच्या खात्यावर आलेली वाक्यं आणि लेकीच्या नावानं गेलेली उत्तरं. त्यातलं एक अक्षरही लेकीनं लिहिलेलं नव्हतं. वर्षभर खात्यावर आपण फिरकायचं नाही, आपल्या जागी पगारी टायपिस्ट बसवायची आणि कुणाच्या लक्षात येतं ते बघायचं, एवढीच तिची कल्पना. कुणाच्याच लक्षात आलं नाही. दारावरच्या पाटीवर प्रदर्शनाचं नाव होतं, ‘गैरहजर’.

लेक मागे उभी होती. आई आता रडेल, नाहीतर चारचौघांत आवाज चढवेल. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघावी, तशी ती वाट बघत होती.

“रोज ‘गुडघा कसा आहे’ विचारायचीस, ते तू नव्हतीस?”

“नाही.”

“आणि ‘गोळी चुकवू नकोस, तुला माझी शपथ आहे’?”

“नाही गं आई. यातलं काहीच मी नाही.”

“तरीच.” आईनं पदरानं चष्मा पुसला. “मला वाटलं, पोरगी सुधारली. शेजारणींना सांगत सुटले होते मी.”

लेकीनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पन्नाशीची टायपिस्ट मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. आज तिच्या कामाचा शेवटचा दिवस. आई सावकाश चालत तिच्याजवळ गेली, तशी ती धडपडून उठली.

“बसा हो,” आई म्हणाली. “शपथ तुमची होती तर. एक दिवस मोडली नाही मी.”

टायपिस्टनं मान खाली घातली. “सूज उतरली का?”

“उतरली. परवा कठडा न धरता जिना चढले.”

“तरी गोळी सोडू नका इतक्यात.”

दोघी बराच वेळ बोलत बसल्या. लेक उभीच होती. निघताना आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“आजपासून खात्यावर मीच असेन,” लेक म्हणाली.

“बरं.”

टायपिस्टही कीबोर्ड लेकीच्या हाती देऊन गेली.

समोरच्या मोठ्या पडद्यावर खातं सगळ्यांना दिसेल असं चालू ठेवलेलं होतं. तासाभरानं तिथे आईची ओळ उमटली.

‘पोचले घरी. तूच आहेस ना?’

लेकीनं ‘हो’ लिहिलं. हे तर टायपिस्टनंही लिहिलं असतं. तिनं ते पुसलं. आणखी काहीतरी लिहिलं, तेही पुसलं. मग बोटं नुसतीच कीबोर्डवर राहिली.

पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. बघे एकेक करून थांबले.

“हे सगळ्यात भारी आहे,” मागून कुणीतरी कुजबुजलं आणि फोटो काढला.