नुसतं पित्त

भाच्याच्या हळदीत मटणावर ताव मारून आलेल्या काळुरामांच्या छातीत सकाळी जळजळ सुरू झाली. आवडाबाईंनी नवऱ्याला थंड दूध पाजलं, जिऱ्याचं पाणी दिलं, तरी आग कमी होईना. शेवटी लेकीने, समृद्धीने, रिक्षा बोलावली आणि दोघांना घेऊन मोहन्याहून थेट कल्याणचं हॉस्पिटल गाठलं.

ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "काही नाही, नुसतं पित्त आहे. घरी जा."

काळुरामांचा जीव भांड्यात पडला. ते शर्टाची बटणं लावत होते, तेवढ्यात आवडाबाईंनी भीत भीत विचारलं, "साहेब, मग माझं पित्त का नाय जात? जिना चढले की छाती जळते, डावा हात भरून येतो. कोकमाचं पाणी पिते, जराशी बसते."

"अगं आई, कधीपासून?" समृद्धी ओरडलीच.

"झाले दोन-तीन महिने. उगाच कुणाला घोर कशाला?"

डॉक्टरांनी त्यांना लगेच आत घेतलं.

 

दुपारी काळुराम एकटेच घरी आले. बायकोला आयसीयूत ठेवलं होतं, आणि तिचे कपडे कुठल्या कपाटात असतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.